बाबा, एकाहत्तरचं उदाहरण बगदादला लागत नाही

डिअरबॉर्न, मिशिगन
मार्च

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. बाबा, तुमचा आवाज चढला, माझाही चढला, आणि आईनं फोन घेऊन थंडीची चौकशी केली. आई, थंडी अजून आहे, रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग तसेच आहेत. पण माझी तब्येत ठीक आहे, डबाही रोज घरचाच नेते. आता बाबांशी बोलते.

बाबा, तुम्ही म्हणालात, "अगं, हुकूमशहाच्या टाचेखाली लोक मरून राहिलेत, अन् ज्यांच्याजवळ ताकद आहे त्यांनी नुसतं पाहत बसायचं? आपण नाही का एकाहत्तरला बांगलादेशासाठी फौज पाठवली?" आणि फोन ठेवताना म्हणालात, "अमेरिकेनं इराकमध्ये चुका केल्या असतील, पण हेतू वाईट नव्हता." ही दोन वाक्यं आठवडाभर माझ्या डोक्यात आहेत. पहिलं वाक्य मला टाळता येत नाही, ते खरंच अवघड आहे. दुसरं मला मान्य नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. कुठं कत्तल चालू असेल तर ती थांबवायला, किंवा लोकांनी आधीच दिलेला कौल कोणी बंदुकीच्या जोरावर दाबला तर त्या लोकांच्या बाजूनं उभं राहायला, फौज पाठवणं योग्य ठरू शकतं. तेही काम झाल्याबरोबर परत येणार असाल तर. पण 'त्या देशात लोकशाही नाही, चला, आपण जाऊन आणू' म्हणून सैन्य पाठवणं मला पटत नाही. खर्च होतो किंवा आपली माणसं मरतात म्हणून नव्हे. ते काम सैन्याच्या हातून होण्यासारखंच नाही म्हणून.

एकाहत्तरपासून सुरू करते, कारण तुमचा सगळा भार त्याच्यावर आहे. डिसेंबर 1970 मध्ये पाकिस्तानात प्रौढ मतदानानं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. पूर्व पाकिस्तानातल्या 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 अवामी लीगनं जिंकल्या, आणि अख्ख्या देशाच्या सभेत त्यांचं बहुमत झालं. त्यांचे नेते मुजीब पंतप्रधान व्हायला हवे होते. पण लष्करशहा याह्या खानांनी ती सभा भरूच दिली नाही आणि 25 मार्च 1971 च्या रात्री ढाक्यात लष्कर सोडलं. पुढच्या काही महिन्यांत एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली. आईला आठवत असेल, पत्राच्या पाकिटावर निर्वासितांच्या मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं.

म्हणजे आपली फौज तिकडे लोकशाही घेऊन गेली नव्हती, बाबा. मतदान त्यांनी आधीच केलं होतं. त्यांची मुक्तिवाहिनी लढत होती. 3 डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केल्यावर आपण उघड युद्धात उतरलो, 16 डिसेंबरला शरणागती झाली, आणि मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य परत निघालं. ढाक्यात आपला प्रशासक बसला नाही. त्यांची राज्यघटना आपण लिहून दिली नाही. आपला स्वार्थ नव्हता असं मी म्हणत नाही, पाकिस्तान दुभंगलं तर ते आपल्याला हवंच होतं. पण काम झालं आणि आपण निघालो.

आणि त्यानंतर बांगलादेशात काय झालं तेही पाहा. 1975 च्या जानेवारीत मुजीबनीच एकपक्षीय राजवट आणली. त्याच ऑगस्टमध्ये त्यांची घरातच हत्या झाली, आणि पुढं पंधरा वर्षं बहुतेक काळ लष्करी माणसांचं राज्य. 1990 मध्ये इर्शादला विद्यार्थ्यांनी आणि लोकांनी रस्त्यावर उतरून घालवलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये शेख हसीनांनाही देश सोडावा लागला. आपल्या जवानांनी देश मोकळा करून दिला, लोकशाही मात्र त्यांची त्यांनाच पुन्हा पुन्हा कमवावी लागते आहे.

एकाहत्तरची आणखी एक गोष्ट आपल्या घरात फारशी निघत नाही. त्या वर्षी अमेरिका कोणाच्या बाजूनं होती? निवडणूक मोडीत काढणाऱ्या जनरलच्या. ढाक्यातले त्यांचे स्वतःचे कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला तार केली, की लोकशाही चिरडली जाते आहे आणि आपलं सरकार त्याचा निषेधही करत नाही. त्यांना तिथून हलवलं. डिसेंबरात सातव्या आरमाराची जहाजं बंगालच्या उपसागराकडे निघाली, ती आपल्याला दरडावायला. त्याआधी 1953 मध्ये इराणचे मोसद्दिक, 1954 मध्ये ग्वाटेमालाचे आर्बेंझ, ही निवडून आलेली सरकारं पाडण्यात हाच देश होता. मी ज्या देशात राहते, पगार घेते, त्याच्याबद्दल हे लिहिताना मला बरं वाटत नाही. इथली साधी माणसं फार चांगली आहेत. पण लोकशाही पसरवण्याचं काम ज्यांनी अंगावर घ्यायचं, ते सोयीप्रमाणे तिला वाऱ्यावर सोडत असतील, तर ज्यांच्याकडे ते फौज घेऊन जातात त्या लोकांनी विश्वास का ठेवावा?

आता इराक. आमच्या लॅबमध्ये माझ्यासोबत बगदादची एक बाई आहे. नाव लिहीत नाही, तिचे नातेवाईक अजून तिकडे आहेत. रात्रपाळीला आम्ही दोघीच असतो. मशीनवर नमुने लावले की मध्ये वेळ मिळतो, तेव्हा ती खजूर भरलेली बिस्किटं काढते आणि आम्ही बोलतो. तिच्या मामाला सद्दामच्या माणसांनी 1980 च्या दशकात उचललं, तो परत आला नाही. म्हणजे सद्दामबद्दल तिला कोणी शिकवायची गरज नाही. एप्रिल 2003 मध्ये अमेरिकी फौजेपुढे बगदाद पडलं तेव्हा तिच्या आईनं शेजारपाजारी गोड वाटलं. हे ती लपवत नाही, आणि तुमच्या बाजूनं बोलायचं तर तुम्ही हे धरून ठेवा.

मग मे महिना आला. अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आठवड्याभरात दोन फर्मानं काढली. पहिल्यानं सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं. दुसऱ्यानं इराकी सैन्यच बरखास्त केलं. तिचे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. बाथचं सभासदत्व घेतल्याशिवाय त्या पदावर कोणाला बसता येत नसे, त्यांनीही घेतलं होतं. ते घरी बसले. धाकटा काका सैन्यात कारकून होता, तोही घरी आला. जवळपास चार लाख माणसं एका कागदानं बेकार झाली. त्यातल्या पुष्कळांना बंदूक चालवता येत होती. तिच्या गल्लीत कोण कुठं गेलं हे ती बोटांवर मोजून सांगते, आणि मध्येच थांबते.

ती म्हणते, "आम्ही विचारायचं कोणाला?" बाबा, माझा सगळा मुद्दा या प्रश्नात आहे. ब्रेमरना बगदादच्या लोकांनी नेमलं नव्हतं आणि बगदादचे लोक त्यांना काढू शकत नव्हते. त्यांची जाब देण्याची जागा वॉशिंग्टन होती. वॉशिंग्टनचं सरकार इथल्या मिशिगन-ओहायोच्या मतदारांवर चालतं, आणि इथल्या मतदाराला बगदादमध्ये वीज किती तास असते याच्याशी काय घेणं? आपल्याकडे उन्हाळ्यात दोन दिवस पाणी आलं नाही तर तुम्ही नगरसेवकाच्या दारात उभे राहता. तो ऐकेल न ऐकेल, पण पुढच्या निवडणुकीत त्याला यावंच लागतं हे त्याला माहीत असतं आणि तुम्हालाही. ही एवढी एक गोष्ट परक्या फौजेच्या राज्यात असूच शकत नाही. ती शाळा बांधेल, औषधं देईल, चांगले अधिकारीही पाठवेल. पण तिला पाडता येत नाही. आणि ज्याला पाडता येत नाही तो लोकशाही शिकवणार कशी?

तिनं मला 30 जानेवारी 2005 च्या मतदानाची गोष्ट सांगितली तेव्हा मला तुमची फार आठवण झाली. तुम्ही गडचिरोलीत केंद्राध्यक्ष म्हणून जायचात. पेट्या सील करताना वेगवेगळ्या पक्षांचे एजंट समोर बसलेले, त्यांच्या सह्या घेतल्याशिवाय तुम्ही पुढं सरकत नसायचात. एकदा सही राहिली म्हणून तुम्ही एका एजंटाला जेवणावरून उठवून आणलं होतं. आता बगदाद ऐका. स्फोटांच्या भीतीनं त्या दिवशी गाड्यांना बंदी होती. ही आणि तिची आई चालत शाळेत गेल्या. मतदारयादी रेशन कार्डांच्या नोंदीवरून केली होती, कारण घराघरातली माणसं तेवढ्याच एका कागदावर होती. आत गेल्यावर हातात आली ती पक्षांची आणि आघाड्यांची यादी, क्रमांकांची. पुष्कळ उमेदवारांची नावं मतदानाच्या तोंडावर येईपर्यंत जाहीरच केली नव्हती, नाव कळलं तर माणूस मारला जायचा. अख्खा देश मिळून एकच मतदारसंघ, 275 जागा. आपला उमेदवार कोण, आपल्या भागाचा माणूस कोण, हे विचारायला जागाच नव्हती. राहिलं काय? आपण शिया की सुन्नी की कुर्द. तिनं शाईत बोट बुडवलं आणि बाहेर येऊन रडली, आनंदानं. तो आनंद खोटा नव्हता. पण अनबार प्रांतात त्या दिवशी शंभरातल्या दोघांनीही धड मत दिलं नाही, आणि वर्षभरानं, फेब्रुवारी 2006 मध्ये, सामर्‍याची मशीद, शियांचं पवित्र स्थान, उडवली गेली, तेव्हा तिच्या गल्लीत कोणत्या आडनावाचं घर कुठं आहे याच्या याद्या फिरू लागल्या.

हे भांडण शेकडो वर्षांचं आहे असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. ती ते मानत नाही, तिची आई शिया आणि वडील सुन्नी. जुलै 2003 मध्ये अमेरिकेनं जी 25 जणांची शासकीय परिषद नेमली ती मोजून नेमली होती: 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमेन, 1 ख्रिश्चन. सत्तेच्या दारावर पहिल्या दिवशीच धर्म-पंथाचा भाव लागला, आणि तो अजून उतरलेला नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये बगदादची तरुण पोरं याच वाटणीविरुद्ध चौकात उतरली, शेकडोंनी जीव दिला. बाबा, इराकमध्ये लोकशाही कोणी मागितली असेल तर ती त्या पोरांनी. त्यांना मारणारी माणसं 2003 नंतरच्याच व्यवस्थेतली होती.

मरणाऱ्यांचा हिशोबही लिहिते. नागरिकांच्या मृत्यूची एकेक नोंद ठेवणाऱ्यांचा आकडासुद्धा लाखाच्या पुष्कळ वर जातो. अमेरिकेचे साडेचार हजारांच्या घरात सैनिक गेले. इथं आमच्या शेजारच्या घरावर एक सोनेरी तारा लावलेला आहे, युद्धात मुलगा गेलेल्या घरावर लावतात तो. त्या बाईशी मी कधी या विषयावर बोलत नाही.

आणि तुम्ही म्हणता तो हेतू. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोलले ते संहारक अस्त्रांबद्दल. अस्त्रं सापडली नाहीत. त्यानंतर लोकशाहीचं कारण मोठं होत गेलं. ज्या कारणासाठी घरं उडवली ते कारण मागून बदलता येत असेल, तर हेतू चांगला होता की वाईट हे तपासायचं तरी कशावरून? तुम्ही वाजपेयींना मानता. 2003 मध्ये अमेरिकेनं आपल्याकडे जवळपास एक डिव्हिजन सैन्य मागितलं होतं. दिल्लीत पाठवावं म्हणणारे कमी नव्हते. जुलैमध्ये वाजपेयींच्या सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय पाठवणार नाही म्हणून सांगितलं. आज मागं वळून पाहिलं की त्या एका निर्णयानं आपली किती पोरं वाचली असं वाटतं.

तुम्ही जर्मनी आणि जपान काढाल, दादानं काढलेच. मान्य, ते दोन्ही देश परक्या फौजेच्या ताब्यात लोकशाही झाले. पण त्यांच्याशी युद्ध लोकशाही आणायला केलं नव्हतं, त्यांनीच जगावर युद्ध लादलं होतं. आणि तिथं आधी काय होतं ते बघा. जपानमध्ये 1890 पासून संसद होती, 1925 मध्ये सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं होतं. जर्मनीत हिटलरच्या आधी चौदा वर्षं प्रजासत्ताक होतं. युद्धानंतरचे पहिले चॅन्सेलर आडेनाउअर हे 1917 ते 1933 कोलोनचे महापौर होते, हिटलरनं त्यांना हाकललं होतं. त्यांना नगरपालिका चालवणं कोणा अमेरिकन कर्नलनं शिकवलं नाही. काटोलच्या मळ्यात काका जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात तसं ते होतं, खुंट जिवंत होता. तो नसेल तर डोळा कितीही चांगला आणा.

अफगाणिस्तानात 2004 च्या अध्यक्षीय निवडणुकीत 80 लाखांवर लोकांनी मत दिलं. 2019 मध्ये ग्राह्य धरली गेली ती 18 लाखांच्या आसपास मतं. पंधरा वर्षं, जगातल्या सगळ्यात बलाढ्य फौजेच्या पहाऱ्यात, आणि मतपेटीकडे येणारी माणसं शेवटी इतकी कमी झाली. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती पडलं. त्या दिवशी ते सरकार वाचवायला रस्त्यावर कोणी आलं नाही, यात मला नवल वाटत नाही. दुःख मात्र फार होतं. मुलींच्या शाळांचं विशेष. त्या वीस वर्षांत शिकलेल्या मुली खऱ्या होत्या, त्यांचं शिक्षण खरं होतं. म्हणूनच मी हे सगळं फुकट गेलं असं म्हणत नाही.

आपल्या खुंटाचं सांगते. लोक म्हणतात इंग्रजांनी आपल्याला लोकशाही दिली. डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या नागपुरात झालं, त्यात पक्षाची नवी घटना मंजूर झाली. चार आणे वर्गणी देणारा कोणीही सभासद, भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या. शेतकऱ्यानं चार आणे भरून समितीच्या निवडणुकीत हात वर करायचा, हे शिक्षण तिथून तीस वर्षं चाललं. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार, बहुतेक निरक्षर, आणि याद्या करणारे आपलेच तलाठी-कारकून. लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, 'अमक्याची बायको' एवढंच सांगितलं, म्हणून सुमारे 28 लाख नावं गाळावी लागली. पुढच्या निवडणुकीपर्यंत ती नावं घ्यायला कारकूनच पुन्हा दारोदार गेले. ही कामं परक्याला करता येत नाहीत.

परक्यांनी भलं करण्याची भाषा तर आपण नागपूरकरांनी फार जवळून ऐकलेली आहे. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. त्याच्या टिपणात रयतेला चांगला कारभार मिळेल हे होतं, आणि इंग्लंडला लागणारा कापूसही होता. म्हाताऱ्या राणी बाकाबाईंचा विरोध कोणी ऐकला नाही. वाड्यातले दागिने कलकत्त्याला नेऊन विकले, हत्ती-घोडे लिलावात काढले. भोसल्यांचा कारभार चांगला होता असं मी म्हणत नाही, रयतेचे हाल होतेच. पण ते हाल परक्यानं स्वतःच्या शिरकावाचं कारण म्हणून वापरले. तुम्ही नागपूरच्या महाल भागातून रोज जाता. तिथल्या लोकांना 1854 मध्ये विचारलं असतं, की तुम्हाला कोणाचं राज्य हवं, तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. विचारलं नाही, एवढं नक्की.

आता कामठीच्या मामांचं. ते शांतिसेनेत श्रीलंकेला गेले होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण ते बोलत नाहीत. मी बारावीत असताना एकदा माझ्याशी बोलले होते. 1987 च्या ऑगस्टमध्ये जाफन्यात बायकांनी हार घातले, पोरं गाडीमागं धावायची. ऑक्टोबरमध्ये त्याच रस्त्यांवर तमिळ वाघांचे सुरुंग होते. मामांच्या ट्रकपुढचा ट्रक गेला. ते म्हणाले, "त्या रात्री आम्ही ज्या घराची झडती घेतली, तिथल्या आजीनं आदल्या महिन्यात मला पाणी दिलं होतं. तिनं मला ओळखलं, पण काही बोलली नाही." एवढं सांगून ते उठून गेले.

आपलाही हेतू वाईट नव्हता, बाबा. श्रीलंकेशी करार होता, तिथल्या तमिळांना स्वायत्तता द्यायची होती. नोव्हेंबर 1988 मध्ये आपल्या फौजेच्या पहाऱ्यात ईशान्य प्रांताची निवडणूक झाली, आणि उत्तरेतल्या सगळ्या जागा बिनविरोध गेल्या. समोर उभं राहायला कोणी नव्हतं. मार्च 1990 मध्ये आपण निघालो तेव्हा आपण बसवलेले मुख्यमंत्रीही भारतात पळून आले. हजारावर जवान गेले, सुमारे 1200. मद्रासच्या बंदरावर फौज उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. जे शिकायला आपल्याला अमेरिकेकडे पाहायची गरज नव्हती, ते आपल्या घरातच एक माणूस शिकून आला आहे. आपण त्याला कधी विचारलं नाही.

मग कत्तल चालू असताना काय करायचं, हा तुमचा प्रश्न उरतोच. तिथं मी फौजेला सरसकट नाही म्हणत नाही. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मान्य केलं, की वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक हकालपट्टी आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून माणसांना वाचवणं ही जगाचीही जबाबदारी आहे. त्या यादीत लोकशाही नाही, आणि ती नसणं योग्यच आहे. 2017 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात जे झालं ते मला पटतं. निवडणूक झाली होती, अध्यक्ष जामे हरले होते, हटत नव्हते. शेजारच्या देशांचं सैन्य सीमा ओलांडून आलं, जामे देश सोडून गेले, जिंकलेला माणूस खुर्चीवर बसला. लिबिया मात्र नाही. मार्च 2011 मध्ये बेनगाझीतल्या लोकांना वाचवायचा ठराव झाला, भारत तटस्थ राहिला. लोकांना वाचवता वाचवता काम गद्दाफीला पाडण्याचं झालं. तो ऑक्टोबरमध्ये मारला गेला, 2012 मध्ये निवडणूकही झाली, आणि 2014 पर्यंत एका देशात दोन सरकारं आणि गल्लोगल्ली टोळ्या. कुठं थांबायचं हे आधी ठरवलं नाही, तर फौज थांबत नाही.

दीक्षाभूमीवर लहानपणी तुम्हीच आम्हाला न्यायचात. बाबासाहेबांनी घटना समितीत म्हटलं होतं, की संवैधानिक नीती ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि भारताच्या मातीवर लोकशाही हा वरवरचा थर आहे. आपल्याच लोकांनी, आपल्याच हातानं लिहिलेल्या घटनेबद्दल ते हे बोलत होते. मग टँकवर बसून आलेली घटना किती खोल जाईल?

तुम्ही म्हणाल, मग नुसतं पाहत बसायचं का? नाही, बाबा. करण्यासारखं खूप आहे, आणि ते आपण करत नाही याचा मला राग आहे. आपण काबूलला संसदेची इमारत बांधून दिली, 2015 मध्ये तिचं उद्घाटन झालं. हजारो अफगाण विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत शिकले, पुण्यात तर किती. आणि ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडल्यावर आठवडा-दीड आठवड्यात आपण अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. सुट्टीला घरी गेलेल्या मुली, ज्यांची नावं आपल्या कॉलेजांच्या हजेरीपटावर होती, त्या तिकडे अडकल्या. त्यांना परत आणायला एकही गोळी लागत नव्हती. फौज पाठवा म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या व्हिशांसाठी एक पत्र लिहिलं? हुकूमशहांना शस्त्रं विकणं बंद करा, पळून येणाऱ्यांना दार उघडा, त्यांच्या वकिलांना, पत्रकारांना, शिक्षकांना आपल्याकडे जागा द्या. यानं सद्दाम उद्या पडत नाही हे मला कळतं. माझी बगदादची मैत्रीण म्हणते, तिचा मामा यानंही परत आला नसता. मी तिला काही उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं.

दादाला हे पत्र वाचायला द्या. मामांनाही द्या, त्यांची इच्छा असेल तरच. आणि तुम्हाला कुठं पटलं नाही ते फोनवर सांगू नका, लिहून पाठवा. आईला सांगा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर पुढच्या महिन्यात येणाऱ्या ओळखीच्या बाईंबरोबर पाठवते.

तुमची,
छोटी